गरीब राहण्याची अट

पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे आईने मला पुन्हा पुन्हा विचारलं. फी नाही लागणार? नाही. हॉस्टेलचे पैसे? तेही नाही. जेवण, पुस्तकं? काहीच नाही, आई. मग ती म्हणाली, "मंग त्याहिले आपल्यापासून काय पाहिजे?"

त्या वेळी मला तिचा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी आमच्या घरात तेवढी एकच बाई शुद्धीवर होती.

आम्ही खुर्सीपारचे, स्टील प्लांटलगतच्या मजूर वस्तीतले. आजोबा गोंदियाकडची शेती भावांवर सोपवून प्लांट बांधला जात असताना माती उचलायला इथे आले आणि राहिले. पक्की नोकरी त्यांना मिळाली नाही, बाबांनाही नाही. सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतल्या पक्क्या लोकांसाठी प्लांट म्हणजे क्वार्टर, दवाखाना, मुलांची शाळा. आमच्यासाठी प्लांट म्हणजे दर ठेक्याला नवा काढावा लागणारा गेटपास. बाबा ठेकेदाराकडे वेल्डर होते. काम तेच, आग तीच, फक्त पगाराच्या दिवशी कळायचं की आपण कोण.

बारावीला मला चांगले मार्क पडले. शहराबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात एक ट्रस्ट दरवर्षी काही गरीब मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायचा. परीक्षा झाली, मुलाखत झाली, माझं नाव लागलं. सही करायला बाबांना बोलावलं. शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या. सुती साडी, मऊ आवाज. त्यांनी नियमांची पुस्तिका समोर ठेवली आणि हिंदीत समजावून सांगितलं. एकाही विषयात नापास व्हायचं नाही. हजेरी पूर्ण पाहिजे. घर याच शहरात असलं तरी हॉस्टेलमध्येच राहायचं, म्हणजे अभ्यासाचं वातावरण मिळतं. बाहेर शिकवणी किंवा नोकरी करायची नाही. ठरलेले तास सेवा करायची. ट्रस्टच्या कार्यक्रमांना आई-वडिलांसकट हजर राहायचं, सांगतील तेव्हा बोलायचं, फोटोला हरकत घ्यायची नाही. दरवर्षी आमची टीम तुमच्या घरी येईल. आणि घरच्या परिस्थितीत काही सुधारणा झाली तर ताबडतोब कळवायचं.

बाबांनी विचारलं, "और मॅडम, बिगड़ी तो?"

मॅडम हसल्या. "उसके लिए तो कोई नियम नहीं है, भाईसाहब."

बाबाही हसले. त्यांना वाटलं, बाई गमतीने बोलल्या. त्यांनी सही केली, प्रत्येक पानावर, जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे.

हॉस्टेलच्या गच्चीवरून प्लांटच्या चिमण्या दिसायच्या. त्यांच्या पलीकडे आमचं घर. ऑटोने गेलं तर आई पोळ्या लाटून संपायच्या आत पोचले असते. पण घरी जायला महिन्यातून एकच रविवार मिळायचा. बाकीचे रविवार सेवेचे. सेवा म्हणजे काय, तर पाहुणे आले की गेटवर उभं राहायचं, त्यांना फुलं द्यायची, हॉलमध्ये पाणी फिरवायचं, खुर्च्या लावायच्या, उचलायच्या. ॲडमिशनच्या दिवसांत शहरातल्या सिविक सेंटरच्या बाजारात टेबल लावून पत्रकं वाटायची. त्यासाठी आम्हाला मरून रंगाची, बिनबाह्यांच्या जाकिटासारखी एक कोटी दिली होती, पाठीवर ट्रस्टचं चिन्ह असलेली. ती घातली की आम्ही लांबून ओळखू यायचो. पैसे भरून शिकणाऱ्या मुलांना ते चांगलंच सोयीचं झालं. मेसमध्ये हाक यायची, "ए कोटी, इधर सब्ज़ी." ती मुलं वाईट नव्हती. त्यांना खरंच वाटायचं, वाढणं आमच्याकडेच आहे.

मी हे घरी सांगितलं नाही. घरी गेले की बाबा विचारत, "कसं चालून राहिलं?" आणि मी म्हणे, "मस्त." अभ्यास मला आवडायचा, हेही खोटं नव्हतं. लायब्ररीत पंखा होता, शांतता होती, पुस्तकं होती. या सगळ्याची किंमत मी फुलं देऊन मोजते आहे, एवढंच मला तेव्हा समजत होतं. घरचे काय मोजतात ते कळायला वेळ लागला.

पहिल्या वर्षी टीम घरी येणार म्हणून निरोप आला. अशा भेटीसाठी आम्हाला दोन दिवस घरी सोडत. बाबांनी दोन दिवस हाजरी पाडली, म्हणजे तेवढी मजुरी सोडली. समोरच्या खोलीला त्यांनी स्वतःच्या हाताने आकाशी रंग दिला. आई म्हणाली, "अवो, कशाले एवढं?" तर म्हणाले, "पोरीचे मास्तर येऊन राहिले घरी. भुईवर बसवू का त्याहिले?" दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. शेजारच्या तेलुगू अम्मांकडून चांगले कप मागून आणले. आईने पोहे केले, वर शेव, लिंबाची फोड. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, कारण गाडीवाल्याला आमचं घर सापडलं नसतं.

मॅडम आल्या, बरोबर एक सर आणि एक कॅमेरावाला. पोहे कोणी खाल्ले नाहीत. पाणी त्यांनी आपलं आणलं होतं. सर सगळीकडे बघत होते. भिंतींकडे, खुर्च्यांकडे, कोपऱ्यातल्या जुन्या फ्रीजकडे. तो फ्रीज सेक्टर 2 मधल्या एका साहेबांच्या घरून निघालेला होता, बाबांनी तो मागच्या उन्हाळ्यात घेतला होता. सरांनी तो उघडून पाहिला. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, अर्धा कोबी होता आणि दुधाचं पातेलं.

"घर तो अच्छा मेन्टेन किया है आप लोगों ने," मॅडम म्हणाल्या.

बाबांचा चेहरा फुलला. "हो जी. बस, आपके आशीर्वाद से."

पंधरवड्याने कॉलेजात मला बोलावून एक कागद दिला. घरची परिस्थिती अपेक्षेपेक्षा समाधानकारक आढळली असून शिष्यवृत्तीबद्दल पुढील भेटीनंतर फेरविचार करण्यात येईल. मी तो वाचून मॅडमना सांगितलं की रंग तुम्ही येणार म्हणून दिला होता. त्या म्हणाल्या, "बेटा, मैं समझती हूँ. पर रिपोर्ट में तो जो दिखता है वही लिखेंगे ना."

घरी हे सांगावंच लागलं. बाबा बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमाले वाटलं का पाहुणे आले." एवढंच.

पुढच्या वर्षी आईने सूत्रं हातात घेतली. टीम यायच्या दिवशी सकाळीच फ्रीज अम्मांच्या घरी गेला. बाबा आणि अम्मांचा जावई, दोघांनी तो कलंडत कलंडत गल्लीतून नेला. टीव्ही गेला, मिक्सर गेला, खुर्च्या गेल्या. आईने आकाशी भिंतीवर मुद्दाम जुनी चादर टांगली. स्वतःची बरी साडी काढून फाटक्या काठाची नेसली. अम्मा दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बाप रे, गरीबी दिखाने में भी कितना मेहनत लगता है!" आणि आम्ही तिघीही हसलो. बाबा हसले नाहीत. ते मागच्या दाराने निघून गेले आणि टीम येऊन जाईपर्यंत आलेच नाहीत. आईने मॅडमना सांगितलं, ड्यूटीवर आहेत.

या वेळी कॅमेरावाल्याने भरपूर फोटो काढले. आईला चुलीजवळ बसायला सांगितलं. चूल नव्हती, गॅस होता. मग म्हणाला, गॅस के पास ही बैठ जाइए, पर सिलेंडर थोड़ा साइड में कर दीजिए. रिपोर्ट उत्तम आला.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. महिन्यातल्या त्या एका रविवारी मी घरी आले होते. भाजी घ्यायला बाजारात गेले तर बाबांच्या बरोबर काम करणारे एक काका भेटले. वयाने बाबांहून बरेच लहान, बाबांच्याच हाताखाली काम शिकलेले. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. मी विचारलं, काय विशेष? ते जरा संकोचले. म्हणाले, "सुपरवायझर झालो ना बेटा. खरं म्हणजे तुझ्या बाबाचा नंबर होता. ठेकेदाराने पहिले त्यालेच विचारलं. त्यानंच नाही म्हटलं. मले म्हणे, तू घे."

मी घरी येऊन बाबांना विचारलं. ते सायकलची चेन साफ करत होते.

"बाबा, तुमी सुपरवायझर व्हायले नाही म्हटलं?"

"कोणं सांगितलं?"

"कावून नाही म्हटलं?"

"कागदाचं काम राहते त्याच्यात. दिवसभर लिहीत बसा. मले नाही जमत ते."

"तुमाले लिहिणं जमत नाही?"

बाबांचं अक्षर आमच्या गल्लीत सगळ्यात सुंदर होतं. लोकांचे अर्ज तेच लिहून द्यायचे. ते चेन फिरवत राहिले. आईने मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. सुपरवायझरचा पगार धरला असता तर आमचं उत्पन्न ट्रस्टच्या मर्यादेच्या जरासं वर जात होतं. जरासंच. पण पुस्तिकेत मर्यादा ती मर्यादा. तेवढ्या वाढलेल्या पगारात माझी फी तर सोडाच, हॉस्टेलचं भाडंसुद्धा निघालं नसतं. बाबांनी सगळा हिशेब एका संध्याकाळी करून टाकला होता आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला नाही म्हणून सांगितलं होतं.

"त्याहिले पांढरं हेल्मेट घालाचं होतं वं," आई म्हणाली. "किती वर्षांपासून म्हणत. वेल्डरचं पिवळं, सुपरवायझरचं पांढरं. तू काही बोलू नको त्याहिले."

मी त्यांना काही बोलले नाही. मी मॅडमकडे गेले. मला वाटलं होतं, नियम करणाऱ्यांना हे माहीतच नसेल. कोणी सांगितलं तर ते म्हणतील, अरे, असं होतं का? मग अर्धी शिष्यवृत्ती ठेवू, किंवा एकदा दिली की मध्ये काढून घेणार नाही असं करू. मी अगदी नीट, शांतपणे सगळं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला इथेही लिहायला हवं.

"तुम्हारे पापा ने इतना बड़ा त्याग किया?" त्या म्हणाल्या. "बेटा, ये तो बहुत प्रेरणादायक है. इस बार कृतज्ञता दिवस पर तुम यही बोलोगी."

मी म्हटलं, मॅडम, मी नियमाबद्दल बोलायला आले होते. त्या म्हणाल्या, नियम ट्रस्टी बनवतात, त्यांच्यासमोरच तर बोलायचं आहे तुला. मी म्हटलं, बाबांना आवडणार नाही, मला नको. तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून पुस्तिका काढली आणि 'सांगतील तेव्हा बोलायचं' या कलमावर बोट ठेवलं. आवाज तसाच मऊ होता.

दोन दिवसांनी मला छापील भाषण मिळालं. त्यात बाबा अशिक्षित मजूर होते. दहावी पास, सर्टिफिकेटवाला वेल्डर अशिक्षित मजूर झाला होता. त्यात होतं की ट्रस्टने हात धरला नसता तर ही मुलगी आज कुठे असती. त्यात होतं की वडिलांनी मोठी नोकरी हसत हसत सोडली, कारण त्यांचा ट्रस्टवर विश्वास होता.

कार्यक्रमाला पालकांनी यायचं हाही नियम. बाबा पुन्हा एक हाजरी पाडून आले. इस्त्रीचा शर्ट तोच. ते आणि आई मधल्या रांगेत बसले. मी काय बोलणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माझं नाव पुकारलं. मी छापील कागद घेऊन माइकपाशी गेले आणि तो घडी करून कोटीच्या खिशात ठेवला.

मी म्हटलं, माझे वडील अशिक्षित नाहीत. ते वेल्डर आहेत, आणि या वर्षी ते सुपरवायझर झाले असते. ते झाले नाहीत, कारण आपल्या नियमाप्रमाणे आम्ही जरासे कमी गरीब झालो असतो. त्यांनी हसत हसत काही सोडलं नाही. त्यांना ते सोडायला लागलं. पहिल्या वर्षी आम्ही आपल्यासाठी घर रंगवलं तर आपण आम्हाला नोटीस दिली. आता आपण येता तेव्हा आम्ही फ्रीजसकट घरातल्या वस्तू लपवतो. गरिबाने पुढे जावं म्हणून ही शिष्यवृत्ती आहे, तर ती आई-बापाला मागे का धरून ठेवते?

मला वाटलं होतं, हॉलमध्ये शांतता पसरेल, कोणी तरी मला थांबवेल. शांतता पसरलीच, क्षणभर. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतून. मग सगळा हॉल उभा राहिला. बायका डोळे पुसत होत्या. मी तिथेच उभी. मला कळेना की मी बोलले ते यांनी ऐकलं तरी का.

ट्रस्टचे मोठे शेठजी स्वतः उठून मंचावर आले. म्हातारे होते, डोळे ओले. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, कुठे आहेत हे पिताजी, त्यांना वर बोलवा. बाबा उठेनात. दोन कोटीवाली मुलं जाऊन त्यांना घेऊन आली. शाल आली, नारळ आला. शेठजी म्हणाले की असे बाप जोवर आहेत तोवर या देशाला काळजी नाही. बाबा हात जोडून, खाली बघत उभे होते. कॅमेरावाला म्हणाला, "अंकल, थोड़ा स्माइल." बाबांनी वर पाहिलं आणि त्याने सांगितलं तसं केलं. फ्रीजचं कोणीच काही बोललं नाही, नियमाचं तर नाहीच.

कार्यक्रमानंतर मी दोघांना गेटपर्यंत सोडायला गेले. आई थोडी पुढे चालत होती. बाबा थांबले.

"तू ते कावून बोलली?"

"त्याहिले लाज वाटावी म्हणून."

"त्याहिले नाही वाटली," बाबा म्हणाले. "मले वाटली."

मग ऑटो आला आणि ते गेले.

उन्हाळ्यात सिविक सेंटरच्या रस्त्यावर कॉलेजचं मोठं होर्डिंग लागलं. त्यावर बाबा होते. शाल, नारळ, सांगितल्यावर केलेलं हसू. खाली मोठ्या अक्षरांत "एक पिता का त्याग" आणि त्याखाली प्रवेश सुरू असल्याची सूचना. प्लांटमध्ये पोरं त्यांना हीरो म्हणून हाक मारू लागली. नवे सुपरवायझर काका त्यांच्याशी नजर मिळवेनात, कारण आता सगळ्यांना माहीत झालं होतं की ती जागा कशी रिकामी झाली. बाबांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. मी मॅडमना होर्डिंग काढायला सांगितलं. त्यांनी या वेळी पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. फोटोला हरकत घ्यायची नाही, हे मलाही पाठ होतं. ट्रस्टचा नियम बदलला नाही. घरच्या भेटीच्या फॉर्ममध्ये मात्र एक नवा प्रश्न आला, असं मला नंतरच्या मुलांनी सांगितलं. घरातली कोणतीही वस्तू दुसरीकडे ठेवली आहे काय?

शेवटच्या वर्षी डिग्री हातात पडायच्या आधी शेठजींना स्वतःच्या अक्षरात आभाराचं पत्र लिहायचं होतं. मी चार ओळी लिहिल्या. ऑफिसने परत पाठवलं, थोडं मनापासून लिही म्हणून. मी मनापासून लिहिलं. ते पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा मी त्यांना पाहिजे तसं लिहिलं आणि ते लगेच पास झालं.

पदवीदानाला बाबा आले नाहीत. आई तयार होऊन बसली, ते बनियनवर बसून राहिले. मी म्हटलं, बाबा, आज ट्रस्टचा काही कार्यक्रम नाही, कॉलेजचा आहे.

"तिथं गेलो का पुन्हा उभं करतील," ते म्हणाले. "तुमी जा दोघी. मी भात टाकून ठेवतो."

हॉलमध्ये मॅडम भेटल्या. त्यांनी मला जवळ घेतलं. मग इकडेतिकडे बघत आईला विचारलं, भाईसाहब कुठे आहेत, शेठजी विचारत होते.

आईने तिच्या त्या खडबडीत हिंदीत सांगितलं, "घर पे है. आने का मन नहीं था उनका."

मॅडमनी खांद्यावरची पर्स सारखी केली. त्यांच्याकडे त्यासाठी कलम नसावं. आईने माझा हात धरला आणि आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलो.

मला रायपूरला नोकरी लागली, बरी आहे. त्या डिग्रीशिवाय लागली नसती, हे मी कोणापासून लपवत नाही. बाबांना सुपरवायझरचं पुन्हा कोणी विचारलं नाही. पुढे ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली. बाबा आधी त्या काकांच्या, मग त्या नव्या माणसांच्या हाताखाली काही वर्षं वेल्डिंग करत राहिले, मग डोळ्यांनी साथ सोडली. मी त्यांना माझ्याकडे या म्हणते. ते म्हणतात, येतो. येत नाहीत.